झाकले जाण्यापूर्वी : सरकारी बांधकामांवरील ठेकेदार आणि नियमपालन

सार्वजनिक पैशातून उभी राहणारी शाळा, पूल, रस्ता, कालवा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र कागदावर शासनाच्या मालकीचे असते, कराराने ते ठेकेदाराकडे सोपवलेले असते आणि प्रत्यक्षात ते गवंडी, बिगारी, सेंटरिंग करणारे व सळई बांधणारे मजूर यांच्या हातांनी उभे राहते. खासगी घर बांधून घेणारा मालक रोज कामावर चक्कर टाकतो, सिमेंटच्या गोणी मोजतो आणि भिंतीचा ओळंबा आपल्या डोळ्यांनी पाहतो. सरकारी कामाचा खरा मालक मात्र कर भरणारा समाज असल्यामुळे तो कामाच्या जागी कधीच हजर नसतो. त्याच्या वतीने तेथे हजर असतात ते कायदे, निविदेच्या अटी, मानके आणि नोंदवह्या. या सर्वांना बांधील राहून काम करणे, म्हणजेच नियमपालन, ही म्हणूनच केवळ कार्यालयीन औपचारिकता नसून गैरहजर मालकाने कामावर ठेवलेली नजर आहे.

या नजरेची गरज किती मूलभूत आहे, हे बांधकामाच्या स्वरूपावरूनच कळते. स्लॅबमधील सळया काँक्रीट ओतल्यानंतर दिसत नाहीत, रस्त्याखालचा खडीचा थर डांबरीकरणानंतर दिसत नाही, पायाची खोली माती भरल्यानंतर दिसत नाही आणि मजुराच्या हातावर ठेवलेली रोख मजुरी पूर्ण होती की अपुरी, हेही त्या दिवसानंतर दिसत नाही. जे लवकर झाकले जाते ते झाकले जाण्यापूर्वी पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे, हेच सरकारी बांधकामांवरील नियमपालनाचे सार आहे. आणि काम ठेक्याने देता आले तरी पाहण्याची ही जबाबदारी ठेक्याने देता येत नाही, हे भारतीय न्यायव्यवस्थेने चार दशकांपूर्वीच निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

निविदेपासून सुरुवात

ठेकेदारावरील बंधने कामाचा पहिला दगड बसण्यापूर्वीच सुरू होतात. शासकीय विभाग कामाचे अंदाजपत्रक दरसूचीच्या आधारे तयार करतो. दरसूची म्हणजे खोदकाम, काँक्रीट, गिलावा यांसारख्या प्रत्येक बाबीचा विभागाने ठरवून दिलेला दर. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करील हे सांगतो, त्या निविदेला बी-१ म्हणतात, तर प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्रपणे भरावा लागतो, त्या निविदेला बी-२ म्हणतात. निविदेसोबत भरावी लागणारी बयाणा रक्कम ठेकेदार मध्येच माघार घेणार नाही याची हमी देते, तर काम मिळाल्यानंतर घेतली जाणारी सुरक्षा अनामत काम अटींनुसार पूर्ण होईल याची हमी देते. नोंदणीचा वर्ग, पूर्वी केलेल्या कामांचा अनुभव, उपलब्ध यंत्रसामग्री आणि आर्थिक क्षमता यांची पडताळणी याच टप्प्यावर होते.

पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देण्याची पद्धत सार्वजनिक पैशाची बचत व्हावी म्हणून रूढ झाली. परंतु स्पर्धेत दर अवास्तव खाली गेला, तर तो तोटा कोठून तरी भरून काढला जातो, आणि बांधकामात तो भरून काढण्याच्या जागा दोनच असतात : एक सामग्रीची आणि दुसरी मजुरीची. अंदाजपत्रकापेक्षा बराच कमी दर देणाऱ्या ठेकेदाराकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, ती याच धोक्याची जाणीव ठेवून. तरीही ठेव हा केवळ आर्थिक बांध आहे. तो फुटू नये यासाठी पुढच्या प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष तपासणीची गरज उरतेच.

ठोकळा आणि मोजमाप पुस्तिका

गुणवत्तेच्या तपासणीचे सर्वांत परिचित साधन म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, ज्याला बांधकामावर सरसकट क्यूब म्हटले जाते. आयएस ४५६ हे साध्या व सळईयुक्त काँक्रीटविषयीचे भारतीय मानक असून त्याची सध्या वापरात असलेली आवृत्ती २००० सालची आहे. ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटमधूनच नमुना घेऊन १५० मिलिमीटर बाजूचे घन ठोकळे भरले जातात, ते पाण्यात ठेवले जातात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून ते किती भार सोसतात हे पाहिले जाते. एम-२० किंवा एम-३० या नावातील आकडा म्हणजे २८ दिवसांनंतर त्या काँक्रीटने प्रति चौरस मिलिमीटर किती न्यूटन दाब सहन करावा याची अपेक्षा होय. मानकानुसार एका नमुन्यात तीन ठोकळे असतात आणि नमुन्यांची संख्या काँक्रीटच्या आकारमानावर ठरते : ५ घनमीटरपर्यंत एक, ६ ते १५ घनमीटरपर्यंत दोन, १६ ते ३० घनमीटरपर्यंत तीन, ३१ ते ५० घनमीटरपर्यंत चार, आणि त्यापुढील प्रत्येक ५० घनमीटरसाठी किंवा त्याच्या भागासाठी एक अधिक.

मानके ही परिस्थितीनुसार बदलतात, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. सौम्य हवामानात सळईयुक्त काँक्रीटसाठी किमान एम-२० पुरेसे मानले जाते, परंतु कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या खाऱ्या हवेला थेट सामोरे जाणाऱ्या बांधकामासाठी तेच मानक किमान एम-३० सांगते आणि सळईवरील काँक्रीटचे आवरणही अधिक जाड ठेवण्यास सांगते, कारण खारी हवा आवरण भेदून सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फुटू लागते. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओले ठेवणे, म्हणजे बांधकामावरच्या भाषेत पाणी मारणे, हीदेखील मानकातील अट आहे. टंचाईच्या काळात ही अट सर्वांत आधी मोडली जाते आणि तिचा परिणाम मात्र कित्येक वर्षांनी दिसतो. ठेकेदाराने सिमेंट योग्य प्रमाणात वापरले, पण पाणी मारले नाही, तरी खर्च झालेला सार्वजनिक पैसा अंशतः वाया गेलेला असतो.

ठोकळा गुणवत्ता सांगतो, तर परिमाण सांगते ती मोजमाप पुस्तिका. शासकीय कामाचे कोणतेही देयक, म्हणजे बिल, या पुस्तिकेतील नोंदीशिवाय देता येत नाही. तिची पाने क्रमांकित असतात, नोंद खोडून टाकण्यास मनाई असते, चूक झालीच तर ती वाचता येईल अशी छेदून दुरुस्ती करावी लागते व त्यावर स्वाक्षरी करावी लागते. शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता मोजमाप नोंदवतो आणि वरिष्ठ अभियंता त्यातील काही भागाची फेरतपासणी करतो. पुढे झाकल्या जाणाऱ्या बाबींची मोजमापे त्या झाकण्यापूर्वीच नोंदवावी लागतात, आणि संपूर्ण व्यवस्थेचा भार खरे पाहता या एका अटीवर उभा आहे. कार्यालयात बसून मागाहून लिहिलेली पुस्तिका निर्दोष अक्षरात असली, तरी ती पुरावा राहत नाही. ती केवळ देयकाची सजावट ठरते.

एकाच्या नजरेवर विसंबू नये म्हणून तपासणीचे थर रचले जातात. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत अशी त्रिस्तरीय पद्धत आहे : पहिल्या स्तरावर ठेकेदाराने कामावर प्रयोगशाळा ठेवून व अभियंत्याने तिच्यावर देखरेख करून चाचण्या नोंदवायच्या, दुसऱ्या स्तरावर राज्याच्या गुणवत्ता निरीक्षकाने आणि तिसऱ्या स्तरावर राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षकाने स्वतंत्रपणे रस्ता तपासायचा. याच योजनेत रस्ता पूर्ण झाल्यानंतर पाच वर्षे त्याची नियमित देखभाल त्याच ठेकेदाराने करावी, अशी करारातच अट असते. इतर शासकीय कामांतही दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे काम पूर्ण झाल्यानंतर ठरावीक मुदतीत उघड झालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दूर करायचे असतात आणि अनामतीचा भाग तोपर्यंत शासनाकडे राहतो. पहिल्याच पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्याची दुरुस्ती नव्या निविदेतून, नव्या पैशाने होत असेल, तर या अटीची अंमलबजावणी झालेली नाही एवढे कोणाही नागरिकाला ओळखता येते.

मजुरी ही कराराची अट

बांधकामाच्या गुणवत्तेइतकीच मजुरांची स्थिती हीदेखील शासनाची चिंता असावी, हा विचार सव्वाशे वर्षांहून जुना आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १८९१ साली न्याय्य वेतनाचा ठराव संमत केला आणि सरकारी ठेका घेणाऱ्याने त्या व्यवसायात रूढ असलेले वेतन दिले पाहिजे, असे तत्त्व मांडले. अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याने संघराज्याच्या पैशातून होणाऱ्या बांधकामांवर त्या परिसरात प्रचलित असलेली मजुरी देणे ठेकेदारांवर बंधनकारक केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ साली सार्वजनिक करारांतील श्रमविषयक अटींसंबंधी ९४ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. या तिन्हींमागील तर्क सारखाच होता : शासनाने सर्वांत कमी दराचा आग्रह धरायचा आणि त्याच वेळी मजुरीकडे डोळेझाक करायची, तर शासन स्वतःच मजुरी खाली ओढण्याचे साधन बनते.

भारतात १९४८ च्या किमान वेतन कायद्याने मजुरीची तळरेषा आखली, तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालक ही संकल्पना महत्त्वाची केली. ठेकेदारामार्फत काम करून घेणारी संस्था म्हणजे मूळ मालक; मजुरी देण्याचे पहिले दायित्व ठेकेदाराचे असले, तरी त्याने ती दिली नाही किंवा कमी दिली, तर ती मूळ मालकाने द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची, असे या कायद्याने ठरवले. मजुरीचे वाटप मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमोर व्हावे आणि वेतन नोंदवहीच्या शेवटी त्याने तसे प्रमाणित करावे, ही तरतूदही त्याच व्यवस्थेचा भाग होती. मोजमाप पुस्तिकेचे तत्त्व येथे मजुरीला लागू झालेले दिसते; सळई झाकण्यापूर्वी मोजायची, तशी मजुरी हातातून नाहीशी होण्यापूर्वी पाहायची.

आशियाई खेळ आणि एक रुपया

हे तत्त्व कसोटीला लागले ते दिल्लीत. नोव्हेंबर १९८२ मध्ये होणाऱ्या आशियाई खेळांसाठी स्टेडियम, उड्डाणपूल आणि वसतिगृहे यांची कामे वेगाने चालू होती आणि ती सरकारी यंत्रणांनी ठेकेदारांना दिली होती. ठेकेदार मुकादमांमार्फत, ज्यांना तेथे जमादार म्हणत, दूरच्या गावांतून मजूर आणत. त्या वेळी मजुराला दिवसाला ९.२५ रुपये किमान वेतन देय होते. परंतु जमादार प्रत्येक मजुरामागे दररोज एक रुपया स्वतःकडे ठेवत आणि मजुराच्या हातात ८.२५ रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने पाहणी करून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले आणि ते पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. सुनावणीच्या काळात न्यायालयाने बांधकामांच्या जागी नियतकालिक तपासणीसाठी तिघांची नेमणूक केली.

१८ सप्टेंबर १९८२ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने मांडलेले मुद्दे आजही सरकारी बांधकामांवरील नियमपालनाचा कणा आहेत. पहिला मुद्दा असा की, मजूर ठेकेदाराचे आहेत एवढ्यावरून श्रमकायद्यांच्या पालनाची जबाबदारी शासनाला झटकता येत नाही, कारण मूळ मालक शासनच आहे. दुसरा मुद्दा अधिक खोल जाणारा होता : संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मना केलेली वेठबिगारी केवळ बळजबरीने राबवून घेण्यापुरती मर्यादित नाही, तर भूक आणि दारिद्र्य यांमुळे दुसरा मार्गच नसलेला माणूस किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करतो, तेव्हा तेही सक्तीचेच श्रम होत. बांधकाम हे धोक्याचे काम असल्यामुळे अनुच्छेद २४ नुसार १४ वर्षांखालील मुलांना त्यावर ठेवता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. एका रुपयाची कपात ही हिशेबातील किरकोळ तफावत नसून मूलभूत हक्कावरील आघात आहे, हे यातून प्रस्थापित झाले, आणि सरकारी कामांच्या संदर्भात यापेक्षा मोठे नैतिक विधान क्वचितच केले गेले असेल.

कल्याणाचा उपकर आणि त्याची वाट

बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा मात्र १९९६ साली झाला. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या या कायद्याने दहा किंवा अधिक मजूर असलेल्या बांधकामांची नोंदणी आवश्यक केली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, तात्पुरता निवारा व प्रथमोपचार यांची सोय मालकावर टाकली, ५० हून अधिक स्त्री मजूर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर, २५० मजूर असतील तेथे उपाहारगृह आणि ५०० मजूर असतील तेथे सुरक्षा समिती सांगितली. सिमेंटच्या गोणपाटाच्या झोळीत तान्हे मूल बांधून पाट्या वाहणारी स्त्री हे दृश्य महाराष्ट्राच्या कोणत्याही शहराला अनोळखी नाही. पाळणाघराची तरतूद त्या स्त्रीसाठी होती.

याच वर्षीच्या सोबतच्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान एक व कमाल दोन टक्के उपकर ठेवला आणि प्रत्यक्षात तो एक टक्का ठरला. उपकर म्हणजे विशिष्ट हेतूसाठीच वापरायचा कर. सरकारी कामांच्या बाबतीत तो ठेकेदाराच्या देयकातून थेट कापून घेतला जातो, त्यामुळे वसुलीत फारसा अडथळा येत नाही. या पैशातून राज्यांच्या कल्याणकारी मंडळांनी मजुरांना शिक्षण, आजारपण, बाळंतपण, अपघात व मृत्यू अशा प्रसंगी साहाय्य द्यायचे असते. महाराष्ट्रात असे मंडळ २०११ साली स्थापन झाले. १८ ते ६० या वयोगटातील, मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेला मजूर नोंदणीस पात्र ठरतो. परंतु आज या नाक्यावर, उद्या त्या कामावर आणि पावसाळ्यात गावी, असे जगणाऱ्या माणसाला ९० दिवसांचा दाखला मिळवायचा तर तो बहुधा ठेकेदाराकडूनच मिळवावा लागतो, आणि ज्या ठेकेदाराने मजुरांची खरी यादी ठेवलेली नाही, तो दाखला देण्यास कचरतो. अशा रीतीने हजेरीपटातील एका गाळलेल्या नावामुळे मजुराचे पेन्शन, मुलीची शिष्यवृत्ती आणि अपघाताची भरपाई या सर्वांचाच दरवाजा बंद होतो.

या अपयशाचे प्रमाण १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून देशासमोर आले. तोवर देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला होता आणि त्यांपैकी सुमारे ९,५०० कोटी रुपयेच मजुरांसाठी खर्च झाले होते. पैसा होता, कायदा होता, मंडळेही होती. मजुराच्या नावाची विश्वासार्ह नोंद मात्र नव्हती.

नव्या संहिता, जुने तत्त्व

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि किमान वेतन, कंत्राटी कामगार, बांधकाम कामगार व उपकर यांविषयीचे जुने कायदे त्यांत सामावले गेले. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतात, तर पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा २० होती. त्यामुळे लहान ठेकेदारांकडील मजुरांच्या संरक्षणाची चिंता रास्तच आहे. मजुरीच्या थकबाकीबाबत मूळ मालकाचे दायित्व आणि एक ते दोन टक्के उपकराची मर्यादा मात्र नव्या संहितांतही टिकून आहे. कायद्याची नावे व कलमे बदलली, तरी १९८२ च्या निकालाचा आधार संविधान हाच असल्यामुळे शासनाची जबाबदारी तसूभरही कमी झालेली नाही.

गैरहजर मालकाचा हक्क

नियमपालनाची ही चौकट केवळ अभियंता, ठेकेदार आणि लेखापरीक्षक यांच्यापुरती मानली, तर सुरुवातीला म्हटलेला गैरहजर मालक कायमचाच गैरहजर राहील. त्याला कामावर आणण्याचा मार्गही सरकारी बांधकामांतूनच सापडलेला आहे. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने घेतलेल्या जनसुनावण्यांत गावातील सरकारी कामांचे हजेरीपट आणि देयके गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली, आणि न झालेली कामे व न राबलेले मजूर कागदावरून उघडे पडले. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनी ही मागणी रेटली आणि राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या कायद्याआधीच अस्तित्वात आला.

२००५ च्या केंद्रीय कायद्यातील माहितीच्या अधिकाराची व्याख्या यादृष्टीने फार मोलाची आहे, कारण तीत कागदपत्रांच्या प्रतींसोबत कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही अंतर्भूत आहे. गावातील पालक शाळेच्या नव्या खोलीच्या ठोकळ्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मागू शकतात, रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका पाहू शकतात, दोष दायित्व कालावधी कधी संपतो हे विचारू शकतात आणि त्या कामावरील वेतन नोंदवहीची प्रतही मागू शकतात. अनेकदा हे अर्ज इमारतीला भेगा पडल्यानंतर, रस्ता उखडल्यानंतर किंवा मजूर दगावल्यानंतर केले जातात, तेव्हा सळई काँक्रीटखाली गेलेली असते आणि मजूर दुसऱ्या नाक्यावर पांगलेले असतात. हाच अर्ज पाया खणला जात असताना केला, तर त्याच्या उत्तरात जे सापडेल ते अजून दुरुस्त करण्याजोगे असेल. आणि ज्या खोलीत पुढे गावाची मुले बसणार आहेत, तिच्या पायाशी उभे राहून तो केला जावा, इतके त्या मुलांचे आणि ती खोली बांधणाऱ्या मजुरांचे समाजावर ऋण निश्चितच आहे.